हवामानात करिअर असतं का?

परवा साताऱ्याहून भाचीचा फोन. "मामा, मला हवामानशास्त्र करायचंय. बाबा म्हणतात, त्यात नोकरी कुठे असते?" आमच्या दाजींच्या लेखी करिअर म्हणजे माझ्यासारखं कॉम्प्युटरपुढे बसणं!

तिला सुलोचना गाडगीळांची गोष्ट सांगितली. मूळच्या पुण्याच्या. फर्ग्युसन, मग पुणे विद्यापीठ, आणि १९७० मध्ये हार्वर्डची पीएचडी. तीही उपयोजित गणितात, बरं का! १९७१ मध्ये परतल्या त्या थेट पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत. शाळेत आपण घोकलं की जमीन तापते म्हणून समुद्रावरून वारे येतात, झाला मान्सून. त्यांनी आणि डी. आर. सिक्कांनी उपग्रहाची रोजची चित्रं तपासली आणि १९८० मध्ये मांडलं, की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरून ढगांचा एक पट्टाच दोन ते सहा आठवड्यांनी उत्तरेकडे सरकत येतो. मग २०१२ मध्ये त्याच संस्थेने ढगांच्या अभ्यासासाठी महाबळेश्वरला प्रयोगशाळा काढली. म्हणजे भाचीच्याच जिल्ह्यात. गाडगीळबाई २०२५ मध्ये गेल्या.

असो. दाजींना म्हटलं, आधी गणित-भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी, मग पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एमएस्सी आहे. ते गप्प. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आमच्या घरात कृष्णा शिरली, तेव्हा आईला पाठुंगळी घेऊन त्यांनीच बाहेर काढलं होतं. पाऊस पडला होता वर, महाबळेश्वर-कोयनेकडे.

थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "गणिताचा क्लास कुठला चांगला?"