चावी किती लांब, हे कोण ठरवणार?

एटीएमवर आपण चार आकडी पिन दाबतो, पैसे मोजतो आणि घरी येतो. तो पिन बरोबर की चूक, हे बहुतेक वेळा बँकेच्या मोठ्या संगणकाला जोडलेली एक बंदिस्त पेटी तपासते. तिच्यातली गुप्त चावी बँकेच्या कर्मचाऱ्यालाही दिसत नाही. पेटी फोडायला गेलात तर ती स्वतःच चावी पुसून टाकते. पण या पेटीमागे मोठं राजकारण झालंय, ते फार कमी लोकांना माहीत आहे.

१९७०च्या सुमारास आयबीएममध्ये होर्स्ट फाइस्टेल यांनी ‘ल्युसिफर’ ही सांकेतिक पद्धत रचली. तिच्या एका आवृत्तीची चावी १२८ बिटांची होती. तिच्यातूनच पुढे १९७७ साली अमेरिकी सरकारचं ‘डीईएस’ हे मानक आलं, पण चावी उरली फक्त ५६ बिटांची! डिफी आणि हेलमन यांनी तेव्हाच इशारा दिला की दोन कोटी डॉलरचं यंत्र बांधलं तर ही चावी दिवसभरात सापडेल. १९७८ साली सिनेटच्या समितीने चौकशी केली. गैरप्रकार नाही म्हणाले, पण लहान चावी पुरेशी आहे हे एनएसए या गुप्तचर संस्थेने आयबीएमला पटवलं होतं, हेही नोंदवलं.

आता पेटी कशाला? डीईएसमध्ये एकेक बिट उलटसुलट फिरवावा लागतो. साध्या प्रोग्रॅमने केलं तर मेनफ्रेमचा प्रोसेसर त्यातच अडकून पडायचा. म्हणून आयबीएमने ३८४८ सारखी वेगळी यंत्रं मेनफ्रेमला जोडली. वेगही मिळाला आणि चावीही बाहेर पडेना.

पण चावीच आखूड, तर पेटी काय करणार? १९९८ साली अडीच लाख डॉलरच्या आत बांधलेल्या एका यंत्राने डीईएस ५६ तासांत फोडलं. त्याच्या आधीच जगभरातून खुले प्रस्ताव मागवले गेले होते, सगळ्यांनी ते जाहीरपणे तपासले आणि २००१ साली एईएस आलं. चावी किमान १२८ बिटांची. आज हे काम मेनफ्रेमच्या प्रोसेसरमध्येच होतं. २०१७च्या झेड१४ पासून तर सगळाच डेटा कुलूपबंद ठेवता येतो.

आपल्याकडे २०२१च्या आयटी नियमांनी मेसेज मुळात कोणी पाठवला हे शोधून देण्याची अट घातली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. गुन्हेगार पकडायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण कुलूप किती पक्कं असावं हे बंद दाराआड ठरलं, की पुढची वीस वर्षं किंमत आपण मोजतो.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये जरूर लिहा.