असीरगडाची छावणी आणि प्रभू येशूची चित्रे

धुळे जिल्ह्यात तापीच्या तीरावर थाळनेर नावाचे गाव आहे. तेथे फारुकी सुलतानांच्या जुन्या कबरी आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तरुणांना घेऊन आम्ही त्या पाहावयास गेलो होतो. एकाने विचारले, "फादर, या लोकांनी आपल्याला काय दिले?" प्रश्नात कुतूहलापेक्षा कडवटपणा अधिक होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही मोगल दरबारातील लघुचित्रांपाशी येऊन पोहोचलो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस मलिक राजा याने थाळनेर येथे फारुकी राज्याचा पाया घातला. त्याचा पुत्र नासिर खान याने बुऱ्हाणपूर वसविले. आज ते मध्य प्रदेशात असले तरी जळगावकरांना रावेरपलीकडचे शेजारगावच. इ. स. १६०० मध्ये अकबराने बुऱ्हाणपूर घेतले व जवळच्या असीरगडाला वेढा दिला. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला आणि फारुकी राज्य संपले.

त्या छावणीत येशूसंघाचे फादर जेरोम झेवियर होते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कुळातले हे धर्मगुरू १५९५ पासून अकबराच्या दरबारी होते. येशूसंघीय वृत्तांतानुसार, गड हाती येईना तेव्हा पोर्तुगीजांकडून तोफा मिळवून देण्यास बादशहाने त्यांना सांगितले. हे आपल्या धर्माला धरून नाही, असे म्हणून फादरांनी नकार दिला व बादशहाचा रोष ओढवून घेतला. वाचकहो, येथे अभिमानाने मान ताठ करण्याची घाई नको. पोर्तुगीजांचे हितसंबंध फारुकींच्या बाजूने होते. नकारामागे राजकारणही होते, असे मत इतिहासकारांनी मांडले आहे. गड पडला तो रोगराईमुळे, असे अबुल फजल लिहितो. शपथेवर विसंबून खाली आलेल्या बहादुर शाहाला दग्याने अडकविले, असे येशूसंघीय वृत्तांत सांगतो. प्रत्येकाची लेखणी आपापल्या धन्याकडे थोडी झुकतेच.

आणि तरीही १६०२ मध्ये याच धर्मगुरूंनी अब्दुस सत्तार या मुस्लिम विद्वानाच्या साहाय्याने प्रभू येशूचे फारसी चरित्र पूर्ण करून याच बादशहाला अर्पण केले. त्याचे नाव 'मिरात-उल-कुद्स', म्हणजे पावित्र्याचा आरसा. शाहजादा सलीमच्या चित्रकारांनी सजविलेली त्याची एक प्रत अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे.

ही चित्रे तळहाताएवढ्या जागेत सारे जग मांडत. कागद अकीक दगडाने घोटून गुळगुळीत करीत. खारीच्या केसांचे कुंचले, खनिज रंग आणि सोने वापरीत. पुष्कळदा रेखाटन एकाचे, रंग दुसऱ्याचे, तर चेहरे तिसऱ्याचे असत. १५८० मध्ये येशूसंघीयांनी अकबराला आठ खंडांचे छापील बायबल भेट दिले होते. अशा ग्रंथांतील व सुट्या ठशांतील चित्रांवरून केशवदास, बसावन यांसारख्या हिंदू चित्रकारांनी छायाप्रकाश व दूरचे देखावे आत्मसात केले. दरबारात पवित्र मरियेची चित्रे रंगली म्हणून बादशहा ख्रिस्ती होणार, असे काही पाद्री समजले. तो त्यांचा भ्रम होता. इस्लाममध्ये इसा आणि मरियम यांना मुळातच मान आहे.

पुढे खानदेशाचा कारभार बुऱ्हाणपुरातून चाले. तेथे दीर्घकाळ राहिलेल्या अब्दुर रहीम खानखानान याने रामायणाचीही सचित्र फारसी प्रत करवून घेतली होती. ती आज वॉशिंग्टनमध्ये आहे.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगू : त्यांनी राज्ये बुडविली, आणि परक्या धर्माची चित्रेही मन लावून काढविली. चित्राच्या सौंदर्याने दगा धुऊन निघत नाही आणि दग्याने चित्र खोटे ठरत नाही. दोन्ही एकाच हिशेबवहीत लिहावे लागते.

फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर अकबराच्या खानदेश-विजयाची नोंद कोरलेली आहे. तिच्याच जोडीला येशूच्या नावे सांगितलेले एक वचन आहे. ते शुभवर्तमानांत नाही, मुस्लिम परंपरेने जपलेले आहे. हे जग पूल आहे, त्यावरून पार व्हावे, घर बांधू नये, असा त्याचा आशय. आपल्या खानदेशाच्या पाडावाशेजारी विजेत्याने हे शब्द कोरविले, हे थाळनेरच्या कबरींपाशी उभे राहून जरूर आठवावे.