तृणमणी आणि नॅनोतार

‘तृणमणी’ हा शब्द आता कोशातच भेटतो. संस्कृतातून आलेल्या या शब्दात एक प्रयोगच साठवलेला आहे: घासला की गवताची काडी ओढून घेणारा मणी. ग्रीकांनी याच पदार्थाला ‘इलेक्ट्रॉन’ म्हटले आणि अवघ्या वीजशास्त्राला त्याचे नाव मिळाले. आपल्या शब्दात मात्र काडीही आहे, आणि ती महत्त्वाची आहे. तिच्यावर विद्युतभार नसतो, तरी ती ओढली जाते. नॅनोतारांच्या संवेदकांचा इतिहास आम्हांला म्हणूनच काडीपासून सुरू करावासा वाटतो.

मण्याच्या प्रभावाने काडीच्या जवळच्या टोकाशी विरुद्ध भार प्रकटतो, दूरच्या टोकाशी सजातीय. मण्याजवळ क्षेत्र तीव्र असल्याने ओढ ढकलण्यावर मात करते. क्षेत्र सर्वत्र सारखे असते तर काडी नुसती वळली असती, सरकली नसती. हर्बर्ट पोल यांनी १९५१ साली या सरकण्याला ‘डायइलेक्ट्रोफोरेसिस’ हे नाव दिले. (नाव उच्चारायला अवघड, ‘तृणाकर्षण’ काय वाईट होते?) प्रत्यावर्ती विजेतही ही ओढ टिकते, कारण क्षेत्र उलटले की कणातले भारही उलटतात. १९६६ साली पोल आणि हॉक यांनी या युक्तीने यीस्टच्या जिवंत व मृत पेशी वेगळ्या केल्या.

पुढे नॅनोतारा आल्या. द्रवात त्या असंख्य तरंगवता येतात. पण त्यांतली एक उचलून दोन विद्युतअग्रांमध्ये ठेवायची कशी? २००० साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील स्मिथ, मॅलूक, मेयर प्रभृतींनी धातूच्या तारा प्रत्यावर्ती क्षेत्राने जागेवर आणून दाखवल्या. तारेने फट सांधली की तिथले क्षेत्र जवळजवळ मावळते आणि दुसरीला आमंत्रण उरत नाही. २००१ साली हार्वर्डमधील लीबर यांच्या गटाने अर्धवाहक तारांनाही क्षेत्राने दिशा दिली. त्याच वर्षी त्या गटाने सिलिकॉनच्या तारेवर प्रथिन येऊन चिकटले की तिची वाहकता बदलते, हे दाखवले. लौकिक संवेदकाला मिळाला. तार जागेवर आणणारी युक्ती तुलनेने उपेक्षित राहिली.

या क्रियेला ‘स्वयंरचना’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. शब्द आकर्षक खरा, पण फसवा. कोणती तार कुठे बसावी हे आधी कोरलेल्या विद्युतअग्रांनीच ठरवलेले असते. ‘स्वयं’ एवढेच, की चिमटा लागत नाही.

२०१० साली फ्रीअर आणि सहकाऱ्यांनी वाहत्या द्रवाची जोड देऊन १६,००० जागांवर ९८.५ टक्के यशाने एकेक तार बसवली. जास्तीच्या तारा प्रवाहच वाहून नेई. उरलेला दीड टक्का म्हणजे सुमारे २४० जागा. प्रयोगशाळेसाठी हे यश थक्क करणारे, पण चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या हिशेबात २४० हा आकडा लहान नाही.