‘इन्फिल्ट्रेट’ची कुळकथा

गुप्तपणे शिरकाव करणे या अर्थाचे ‘इन्फिल्ट्रेट’ हे इंग्रजी क्रियापद मूळचे रणांगणावरील नव्हे. त्याच्या पोटी मध्ययुगीन लॅटिनमधील ‘फिल्ट्रम’, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे गाळणे, दडले आहे. अठराव्या शतकात इंग्रजीत ते द्रवाच्या झिरपण्यास लावीत. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यास आजही लावतात. पुढे २१ मार्च १९१८ रोजी जर्मन तुकड्या भक्कम ठाणी टाळून ब्रिटिश फळीतील फटींतून आत शिरल्या. अशा युद्धपद्धतीमुळे पहिल्या महायुद्धानंतर या शब्दाचा लष्करी अर्थ रूढ झाला. मग तो हेरांनाही लागू झाला. दार फोडून येणाऱ्यास मात्र हे क्रियापद शोभत नाही. ‘घुसणे’ यात धक्का आहे, ‘इन्फिल्ट्रेट’मध्ये झिरपण्याचा संथपणा. भाषांतर करताना हा भेद सांभाळावा. कारण पहारा वेशीवर असतो आणि ओल भिंतीतून येते.