देहसेवा, ख्रिस्ती (म्हैसूर)

शरीर हे देवाचे दान आहे आणि त्याची निगा राखणे हीही उपासनाच, अशी ख्रिस्ती शिकवण. स्वच्छता, संयम, उपवास, व्यसनांपासून दूर राहणे आणि आजाऱ्यांची शुश्रूषा या सगळ्यांचा तीत समावेश होतो. म्हैसुरात तिला सर्वांत ठळक रूप मिळाले ते मिशनच्या रुग्णालयात.

तिचा मुख्य शास्त्राधार म्हणजे पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र (6 : 19-20). शरीराला तेथे पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. हे वचन हल्ली तंबाखूविरोधी प्रवचनांपासून व्यायामाच्या शिबिरांपर्यंत कोठेही ऐकू येते. पौलाच्या डोळ्यांसमोर मात्र वेश्यागमनाचा प्रश्न होता, हे सहसा सांगितले जात नाही. व्यायामाविषयी तीमथ्याच्या पहिल्या पत्रात हात राखूनच लिहिले आहे : उपयोग आहे, पण थोडा. उलट टोकाला जाऊन देहदंडात पुण्य शोधणाऱ्यांना कलस्सैकरांच्या पत्रात फटकारले आहे. देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग, हे ज्ञानवादी पंथांचे मत आद्य चर्चने नाकारले. देव स्वतः देहधारी झाला आणि मृतांचे पुनरुत्थान सदेह होणार, असे मानणाऱ्याला शरीर तुच्छ लेखता येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाने या विचाराला बाहेरची दिशा दिली. भुकेल्याला अन्न देणे आणि आजाऱ्याची विचारपूस करणे ही प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच सेवा ठरली. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने रुग्ण व निराश्रितांसाठी मोठी संस्था उभारली, ती याच धारणेतून.

म्हैसुरात ही परंपरा आणणाऱ्यांत वेस्लियन मेथडिस्ट मिशन महत्त्वाचे. या पंथाचा मूळपुरुष जॉन वेस्ली (1703-91) हा धर्मोपदेशक असूनही वैद्यकात मनापासून रमलेला होता. डॉक्टरची फी न परवडणाऱ्यांसाठी त्याने 1747 मध्ये ‘प्रिमिटिव्ह फिजिक’ हे घरगुती औषधांचे पुस्तक काढले. रोगांची नावे वर्णानुक्रमे, प्रत्येकाखाली क्रमांक घातलेले सोपे उपाय आणि जे करून पाहिले त्यांपुढे तशी नोंद, अशी त्याची मांडणी. साधे अन्न, थंड पाण्याची आंघोळ, पायी फिरणे यांवर भर. विजेच्या यंत्राने उपचार करण्याचाही त्याला नाद होता. आजच्या वैद्याला त्यातले कित्येक उपाय पटणार नाहीत. पण गरिबाची प्रकृती हा धर्मोपदेशकाच्या कामाचा भाग आहे, हे त्याने आपल्या अनुयायांच्या गळी उतरवले.

म्हैसूर शहराला 1898 मध्ये प्लेगने झोडपले. दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी संस्थानाने 1903 मध्ये नगर सुधारणा मंडळ नेमले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1906 मध्ये, मंडी मोहल्ल्यात वेस्लियन मिशनचे मेरी कॅल्व्हर्ट होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय सुरू झाले. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणाऱ्या बायकांना मिशनच्या स्त्री-डॉक्टरांचा आधार वाटे. त्या काळी देशभरातील मिशन-रुग्णालयांचा हाच अनुभव होता. 1947 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाल्यावर हे रुग्णालय तिच्याकडे आले. गावात त्याला आजही मिशन हॉस्पिटल म्हणतात.

कॅथलिकांची रीत वेगळी. देहाची शिस्त कॅथलिकांत मुख्यतः प्रायश्चित्तकाळात दिसते. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस उपवास, मांसवर्ज्य आणि वाचलेल्या पैशांतून दानधर्म.

योगाचा प्रश्न म्हैसुरात टाळून चालत नाही. जगन्मोहन राजवाड्यात टी. कृष्णमाचार्य यांनी 1930 च्या दशकात योगशाळा चालवली आणि त्यांचे शिष्य के. पट्टाभी जोइस यांच्यामुळे अष्टांग योग शिकायला जगभरातून लोक या शहरात येऊ लागले. त्यांत ख्रिस्तीही असतात. व्हॅटिकनने 1989 च्या पत्रात शरीराच्या आसनांचा प्रार्थनेला उपयोग मान्य केला, पण देहाचीच पूजा सुरू होण्याचा धोकाही दाखवला. मार्क सिंगल्टन या अभ्यासकाच्या मते आजच्या आसनप्रधान योगावर वायएमसीएने रुजवलेल्या व्यायामपद्धतीचाही ठसा आहे. मत वादग्रस्त आहे. ते खरे धरले, तर योगाला सरसकट परके मानणाऱ्या ख्रिस्ती टीकाकारांची पंचाईत होते, कारण शरीर, मन व आत्मा यांचा त्रिकोण बोधचिन्ह म्हणून मिरवणारी वायएमसीए ही ख्रिस्तीच संघटना.

मराठी मुलखात मिशन-रुग्णालयांच्या परंपरेचे ठळक उदाहरण मिरजेचे. डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय तेथे 1894 मध्ये सुरू झाले आणि सांगली-मिरजेदरम्यानच्या वानलेसवाडीला त्यांचेच नाव आहे.