तांब्याची काटकसर

सार्वजनिक बांधकामाची किंमत घोषणेच्या दिवशीच्या आकड्यावरून ठरवायची, ही जुनी खोड आहे. ती घराघराला किती महागात पडते, हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्याचा इतिहास दाखवतो. घराघरात पोहोचलेल्या तांब्याच्या टेलिफोन लाइन टेल्स्ट्राच्या मालकीच्या होत्या आणि 1997 ते 2006 या काळात सरकारने ती कंपनी टप्प्याटप्प्याने खासगी केली होती. त्यामुळे एप्रिल 2009 मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी 43 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची योजना मांडली, तेव्हा तिच्यासाठी वेगळी सरकारी कंपनी उभारावी लागली. 90 टक्के घरांपर्यंत थेट फायबर आणि उरलेल्यांना वायरलेस किंवा उपग्रह, असा तो बेत होता. विरोधकांचा तोडगा स्वस्त होता. फायबर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच न्यायची, पुढे जुने तांबे आहेच, 29.5 अब्जांत काम उरकेल आणि 2016 पर्यंत सर्वांना किमान 25 मेगाबिट मिळतील, असे त्यांचे म्हणणे होते. 2013 ची निवडणूक त्यांनी जिंकली आणि आराखडा बदलला.

कोपऱ्यावर उभ्या राहिलेल्या लोखंडी कपाटात या काटकसरीचा सगळा हिशेब दिसतो. त्याला वीज लागते, बॅटऱ्या लागतात, आणि तिथून घर जितके लांब तितका तांब्यातला वेग कमी. खुद्द नव्या सरकारच्या फेरआढाव्यातच डिसेंबर 2013 मध्ये 29.5 चे 41 अब्ज झाले होते. 2018 पर्यंत आकडा 51 अब्जांवर गेला. सप्टेंबर 2020 मध्ये याच पक्षांच्या सरकारने तांब्यावरच्या घरांना फायबर देण्यासाठी आणखी 3.5 अब्जांची गुंतवणूक जाहीर केली. जानेवारी 2025 मध्ये रड यांच्या लेबर पक्षाच्या सरकारने मागे राहिलेल्या सुमारे 6 लाख 22 हजार जागांसाठी 3 अब्जांपर्यंतची तरतूद केली. थोडक्यात, एकाच दारापर्यंतच्या रस्त्याचे पैसे दोनदा मोजले गेले.

हा भार सरकारच्या तिजोरीवर पडला, ग्राहकाच्या खिशाला त्याची झळ नाही, असे म्हणता येईल. पण व्यवहार तसा नव्हता. जाळ्यासाठी उभारलेली सरकारी कंपनी अनुदानावर चालायची नव्हती, तिने गुंतवणूक परताव्यासह वसूल करायची होती. म्हणून घाऊक दरात प्रत्येक जोडणीच्या भाड्यावर सामायिक क्षमतेचा वेगळा आकार बसला, सुरुवातीला मेगाबिटमागे महिना 20 डॉलर. 50 मेगाबिटच्या ग्राहकासाठी पूर्ण क्षमता राखायची तर महिन्याला 1,000 डॉलर लागले असते. कोणतीही किरकोळ कंपनी हे करणार नव्हती. या कंपन्या घरामागे एखाददुसराच मेगाबिट घेत आणि संध्याकाळी सगळे एकदम ऑनलाइन आले की वेग कोसळे. बिलात न दिसणारी किंमत कुटुंबे अशी मोजत होती. हा आकार टप्प्याटप्प्याने काढून टाकणारी दररचना नियामकाने मान्य केली ती 2023 मध्ये.

फायबरची मूळ योजनाही रखडली होती, तिचाही खर्च वाढला असता, हा आक्षेप खरा आहे. तांब्यामुळे लाखो घरांना जोडणी लवकर मिळाली आणि 2020 च्या टाळेबंदीत ती उपयोगी पडली, हेही मान्य करायला हवे. पण लवकर मिळालेल्या सोयीची किंमत ठरवताना नंतरच्या फायबरचा खर्च बाजूला ठेवता येत नाही. आज 25 मेगाबिट पुरतात म्हणून वीस वर्षांनीही पुरतील, हे गृहीतक तर दहा वर्षेसुद्धा टिकले नाही. उलट, एकदा टाकलेल्या फायबरचा वेग दोन टोकांची यंत्रे बदलून वाढवता येतो. त्यासाठी रस्ता पुन्हा खणावा लागत नाही. म्हणून अशी योजना पुढे आली की नागरिकांनी एकूण आकड्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: ही तार किती वर्षे पुरेल, आणि तिची वसुली कोणाच्या बिलातून होणार? ऑस्ट्रेलियात हे दोन्ही प्रश्न निवडणुकीच्या गदारोळात बाजूला पडले आणि स्वस्त म्हणून निवडलेला मार्गच महाग ठरला.