प्रतिकृती विमान : रंगकाम व अंतिम सफाई

जुळणीसंचातून उभारलेल्या प्रमाणबद्ध विमानाला मूळ विमानाचे रंग, चिन्हे व वापराच्या खुणा देण्याची कृती. ब्रिटनमधील ‘फ्रॉग’ कंपनीच्या ‘पेंग्विन’ मालिकेतून १९३६ साली १:७२ प्रमाणाचे प्लॅस्टिक संच आले. आजचे संच बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात (पहा : प्लॅस्टिके).

साच्याचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुऊन प्रायमर व त्यावर एअरब्रशने पातळ थर देतात. रंग मॅट असेल, तर चिन्हे लावण्यापूर्वी चकचकीत वॉर्निश देतात. मॅट पृष्ठावर चिन्हपटलाखाली हवा अडकून रुपेरी डाग पडतात. भारतीय हवाई दलाच्या वर्तुळचिन्हात बाहेरून आत केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम असतो. शेवटी पत्र्यांच्या सांध्यांत गडद पातळ रंग सोडून पुसतात व मॅट वॉर्निश देतात.

रत्नागिरीसारख्या किनारी गावात जून ते सप्टेंबर हे काम जिकिरीचे. फवारलेल्या लॅकरमधील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प धरते आणि थर दुधी पडतो. त्यामुळे उघडीप पाहून, सावकाश उडणारे थिनर वापरून रंगवावे लागते (पहा : आर्द्रता).

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शाळकरी मुलांनी विमान-ओळख प्रशिक्षणासाठी प्रतिकृती बनवल्या. केवळ छायाकृती ओळखायची असल्याने त्या काळ्या रंगवीत (पहा : विमानविद्या).